विहिरीचा वास गेला त्या उन्हाळ्यात

मला पाणी प्यायची भीती बसली आहे. वय सत्तरीच्या पुढे, बायको याच पावसाळ्यात गेली, त्यामुळे लोक म्हणतात म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झाला. म्हणू देत. तोंडं त्यांची आहेत. पण कारण काय ते कुणी विचारत नाही, म्हणून बसून लिहितो आहे. मी धंद्याने रंगारी. चौथी झाली आणि बापाने हातात ब्रश दिला, त्यामुळे लिहिण्यात चुका सापडतील. भिंतीवर ओघळ सापडतात तशा. ओघळ बघायचे की भिंत बघायची ते ज्याचं त्याने ठरवावं.

आम्ही धायरीत राहतो. चार बिऱ्हाडांची जुनी इमारत, मागे विहीर, विहिरीवर वाकलेला उंबर. ज्याची ही जमीन होती तो म्हातारा तळमजल्यावरच राहतो. जमीन विकून जमाना झाला, तरी सगळे त्याला मालकच म्हणतात. त्यालाही ते आवडतं.

घर बघायला आलो तेव्हा बायको स्वयंपाकघरात गेलीच नाही. एजंट कट्टा दाखवतोय, खिडकी दाखवतोय, आणि ही जिना उतरून मागच्या दाराने सरळ विहिरीवर. वाकून आत बघितलं. मग मालकाला विचारलं, "पाणी कुणी कुणी भरायचं?"

मालक म्हणाला, "ज्याचं घर त्याची इहीर. चौघांची हाय."

"म्हणजे आमची पण?"

"घर घेतलं तर तुमची पण. न्हाय घेतलं तर न्हाय."

ती माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "घ्या हे घर." अजून मी संडास बघितला नव्हता.

तिच्या आजीला गावच्या विहिरीवर दोर टाकता येत नव्हता. लांब उभं राहायचं, कुणाला दया आली तर तो वरून पाणी ओतायचा, तेवढं भरून आणायचं. पुढे बाबासाहेबांच्या मागे आमची माणसं बुद्धाकडे गेली, पोरं शिकली, नोकऱ्यांना लागली, नळ आले. पण माझ्या बायकोच्या डोक्यातली ती विहीर काही बुजली नाही. त्यामुळे आमच्या घरात जगाच्या उलट चालायचं. महापालिकेचं पाणी भांड्यांना आणि विहिरीचं पाणी प्यायला. "नळ सरकारचा, विहीर आपली," असं म्हणायची. मी म्हणायचो, "सरकार काय परक्याचं आहे का?" तर म्हणायची, "सरकार बदलतं."

उन्हाळ्यात विहीर खाली गेली की पाण्याला जास्त रंग यायचा, एरवी थोडा असायचाच. उंबराची पानं, फळं, सगळं आत पडून कुजायचं आणि पाणी फिक्या चहासारखं दिसायचं. कपात घेतलं तरच कळायचं, स्टीलच्या पेल्यात काही कळायचं नाही. कुणी मनावर घेतलं नाही. उंबराचं पाणी औषधी असतं, असं मालकाची बायको सांगायची. औषधी म्हटलं की आपल्याकडे प्रश्न संपतात.

गेल्या हिवाळ्याच्या शेवटी तळमजल्याच्या चौकटींना वाळवी लागली. मालकाच्या देवघराचं दार हाताने दाबलं तर बिस्किटासारखं आत गेलं. पेस्ट कंट्रोलवाले आले. त्यांनी इमारतीच्या पायाला चारी बाजूंनी ड्रिलने भोकं पाडली आणि औषध ओतलं. विहिरीच्या बाजूलाही ओतलं. तिकडे वाळवी जास्त होती. वास असा की डोकं उठलं. जन्मभर मी टर्पेंटाईन हुंगलं, थिनर हुंगलं, ऑईलपेंटच्या बंद खोलीत जेवलो आहे. हा वास वेगळा होता. रॉकेलसारखा, आणि मागून जरा गोडसर. गोड वासाचं मला कधी बरं वाटलं नाही.

काही दिवसांनी तोच वास विहिरीला आला.

मालक म्हणाला, "जाईल चार दिसांत. जमीन पिऊन टाकती." चार दिवसांनी गेला नाही. मग टीसीएलची ब्लीचिंग पावडर टाकली, तुरटी फिरवली. पाणी आरशासारखं झालं, पण हंडा तोंडाजवळ नेला की वास होताच. बाकीच्या तिन्ही बिऱ्हाडांनी टँकरचं पाणी प्यायला सुरुवात केली.

बायको काही सोडेना. म्हणाली, "वास आला म्हणून विहीर टाकायची? माणसाला वास आला तर माणूस टाकता का?"

दर उन्हाळ्यात ती माठात वाळा घालायची. मंडईतून वाळ्याची मुळं आणायची, धुवायची, पातळ फडक्यात बांधून माठात सोडायची. यंदा तिने दुप्पट वाळा आणला. मोठी पुरचुंडी केली, माठात रात्रभर ठेवली आणि सकाळी पेला माझ्यासमोर धरला.

"घ्या. येतो का वास?"

मी हुंगलं. वाळ्याचा वास आला. थंड, ओल्या मातीचा. दुसरा कसलाच नाही.

"नाही."

"बघा!"

मग तांब्या घेऊन ती तिन्ही घरी फिरली. मालक प्यायला, ओठ पुसले आणि म्हणाला, "वहिनी, तुम्ही तर इहीरच धुतली." एवढंच. पण तो उन्हाळाभर ती त्या एका वाक्यावर जगली. सगळ्यांच्या माठात तिच्या हातच्या पुरचुंड्या गेल्या. टँकर बंद झाला. ज्या बाईच्या आजीला कुणी पाणी भरू देत नव्हतं, तिने चार घरांना विहीर परत मिळवून दिली, असं तिला वाटायचं. मला पण वाटायचं.

उन्हाळा सरायच्या आत तिचे डोळे पिवळे झाले. आधी कावीळ वाटली. मग हॉस्पिटल, मग मशिनीत घालून बघणं, मग एका तरुण डॉक्टरने मला खुर्चीवर बसवलं आणि स्वादुपिंड हा शब्द सांगितला. मला स्वादुपिंड कुठे असतं ते माहीत नव्हतं. त्याने स्वतःच्या शर्टावर बोट ठेवून दाखवलं. म्हणाला, गाठ बरंच आधीपासून वाढत असणार, कळलं उशिरा.

आम्हाला एकच मुलगी. हिंजवडीत कंप्युटरच्या कंपनीत आहे, नवराही तिथेच. तिने घरून काम मागून घेतलं आणि आईजवळ राहायला आली. एका खोलीत आई झोपलेली, दुसऱ्या खोलीत ही कानाला ते यंत्र लावून इंग्रजीत भांडतेय, असे आमचे दिवस चालले होते. त्याच दिवसांत तिला कळलं की आपल्याला दिवस गेलेत. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, आशा सोडली होती. आईच्या कानात सांगितलं. बायकोला बसवत नव्हतं, तरी उठून बसली. म्हणाली, "बाळंतपणाला इथेच यायचं. पहिलटकरीण माहेरी येते." मग माझ्याकडे बघून, "मी नसले तरी."

आणि नव्हतीच. पावसाळ्यात गेली.

तिचा जलदान विधी घरीच केला. भंतेजींनी गाथा म्हटल्या, मुलगी, जावई आणि मी मिळून तांब्यातलं पाणी हळूहळू ताटात सोडलं. ते पाणी विहिरीचंच होतं. दुसरं घेतलं असतं तर ती उठून बोलली असती. आलेल्या माणसांना प्यायलाही तेच दिलं, वाळा घातलेलं. एकाने विचारलं, "पाण्याला काय सुंदर वास आहे हो, काय घातलंय?" मुलगी म्हणाली, "आईची आठवण." आणि रडायला लागली.

इथपर्यंत मला दुःख होतं. दुःखाला मी घाबरत नाही. आपल्या वयात ते येणारच, चहा पाजायचा आणि बसवून घ्यायचं. भीती त्याच्यानंतर आली, जिन्यावरून.

मुलगी हिंजवडीला परत गेली होती. माझी वरची एक खोली आहे. ती दिवाळीच्या आधी एका मुलीला भाड्याने दिली. चंद्रपूरकडची, लग्न व्हायचंय, पाणी तपासायच्या लॅबमध्ये नोकरी. सामान चढवून दमली म्हणून मी तिला पाणी विचारलं. कप दिला पांढरा. पेले सगळे घासायला पडले होते. तिने कप उजेडात धरला.

"काका, हे विहिरीचं आहे का?"

"हो."

"मग नको, थँक यू."

मला राग आला. पुण्यात मला इतकी वर्षं झाली, पाण्याला नाही म्हणणारं माणूस दारात उभं राहिलेलं मला आवडत नाही. आमच्या माणसांनी तर या 'नाही'त पिढ्या काढल्यात. मी म्हणालो, "का? आमच्या हातचं चालत नाही का?"

पोरगी लाल झाली. "काय बोलता काका! तसं नाही हो. रंग बघा ना. पानं कुजतात का विहिरीत?"

"कुजतात. उंबराची. औषधी असतं."

"आणि आसपास फवारणी वगैरे काही झाली का? शेत आहे? फॅक्टरी?"

मग मी तोऱ्यात सगळं सांगितलं. वाळवी सांगितली, वास सांगितला, तुरटी सांगितली आणि शेवटी बायकोचा वाळा. सांगताना मला बरं वाटत होतं. तिच्याबद्दल चांगलं बोलायला कुणीतरी नवं माणूस मिळालं होतं. पोरगी ऐकत होती. वाळ्यापाशी आलो तेव्हा तिने कप खाली ठेवला. म्हणाली, "किती दिवस प्यायलात?"

"उन्हाळाभर. अजून पितो."

"सगळे?"

"सगळे. मुलगी पण होती. तिला..." आणि तिथे माझी जीभ थांबली. पुढचा शब्द 'दिवस' होता.

पोरीने बाटली भरून नेली. आठवड्याने कागद आणला. कागदावर मला काही कळणार नव्हतं, मी तो हातातच घेतला नाही. म्हणालो, "तोंडाने सांग. आहे की नाही?"

"आहे. थोडं आहे. पण आहे."

"मग वास कुठे गेला? वास गेला म्हणजे औषध गेलं ना?"

ती जिन्याच्या पायरीवर बसली. "काका, तुम्ही ऑईलपेंटचे ब्रश कसे धुता?"

"टर्पेंटाईनमध्ये. मग साबणाने."

"नुसत्या पाण्याने का नाही?"

"तेल पाण्यात जात नाही. हे काय विचारणं झालं?"

"साबण लावल्यावर कसं जातं?"

"साबण त्याला धरतो. मग पाण्याबरोबर वाहून जातं."

"बस. तेच. वाळवीचं औषध तेलकट असतं. त्याला पाणी आवडत नाही. नुसतं पाणी असेल तर ते मातीला चिकटून बसेल, नाहीतर वाफ होऊन उडेल, म्हणून तर वास येतो. पण तुमच्या पाण्यात पानं कुजून विरघळलेली आहेत. तो तांबूस रंग म्हणजे तीच. साखर विरघळते तशी, गाळून निघत नाही, पूर्ण खाली बसत नाही. तुरटीने थोडी जाते, सगळी जात नाही. ती विरघळलेली पानं औषधाला धरून ठेवतात. साबणाइतकी घट्ट नाही, पण धरतात. धरलं की ते उडत नाही, वास कमी होतो, आणि पाण्यात राहतं. उरलेला वास वाळ्याने झाकला."

मला पहिल्यांदा वाटलं, हिने सांगितलं नसतं तर बरं झालं असतं. दुसऱ्यांदा पण तेच वाटलं. मला कळलं होतं, हीच पंचाईत. स्वादुपिंड कळलं नव्हतं, ते डॉक्टरवर सोडून देता आलं. हे कुणावर सोडू? ब्रश मी जन्मभर धुतले. साबणाचं पाणी मोरीतून कुठे कुठे जातं ते मी बघितलं आहे.

मी बायकोचं दुखणं आणि डॉक्टर काय म्हणाला ते सांगितलं. मग विचारलं, "माझी बायको याने गेली का?"

"नाही काका. असं मी म्हणणारच नाही. तो आजार इतक्या लवकर होत नाही. डॉक्टरांनीही तुम्हाला तेच सांगितलं ना?"

"आणि पोटातल्या पोराला?"

खोटं बोलता आलं असतं तिला. भाडेकरू घरमालकाशी किती गोड खोटं बोलतात ते मला माहीत आहे. ती म्हणाली, "मी डॉक्टर नाही. एक सांगते, ते खरं आहे. पानांनी धरून ठेवलेलं औषध माशाच्या अंगात कमी शिरतं. सुटं असलं की जास्त शिरतं. म्हणजे ती पानं औषध पाण्यात टिकवतात, पण अंगापासून थोडं अडवतात पण. दोन्ही होतं."

"माणसाच्या पोटात गेल्यावर?"

"तिथे सुटतं की धरलेलंच बाहेर जातं, ते मला नक्की सांगता येणार नाही."

तेव्हापासून माझं हे असं झालं. विहिरीचं बंद केलं, नळाचं उकळून प्यायला लागलो, मग वाटलं उकळून काय होतंय. मग विकतच्या पाण्याचे जार आणले. जार कुठून येतो? टेम्पोतून. टेम्पोत कुठून? पोरगा म्हणाला, "प्लांटमधून, आजोबा." प्लांटमध्ये कुठून? त्याने माझ्याकडे असं बघितलं की मी गप्प जार आत घेतला. चहा करायला बसलो की चहाचा रंग बघून हात थांबतो. नळाच्या पाण्याने तांदूळ धुतो आणि धुवण उजेडात धरून बघतो. शेजारी बघतात. बघू देत.

वाटतं, बायकोने विहीर आपली म्हणून धरली आणि विहिरीने औषध धरलं. मग वाटतं, त्या पानांनी खरंच अडवलं असेल तर? तर तिनेच वाचवलं असेल, न कळता. दिवसात किती वेळा मी या बाजूने त्या बाजूला जातो. कुठेच बसायला जागा नाही.

सातव्या महिन्यात जावयाकडे डोहाळेजेवण झालं. त्यानंतर मुलीचा फोन आला, "बाबा, मी या शनिवारी येते. बॅग भरली आहे."

मी म्हणालो, "तिकडेच राहा. तुमच्याकडे हॉस्पिटल जवळ आहे."

"बाबा?"

"इथे काय आहे? मी एकटा म्हातारा. तुला कोण बघणार?"

"बाई लावू ना स्वयंपाकाला. ठरलं होतं आपलं. आईने सांगितलं होतं."

"आईने पुष्कळ सांगितलं होतं. नको येऊस."

मग म्हणाली, "आई गेली आणि माहेर पण गेलं का? तसं सरळ सांगा." फोन ठेवला.

मी मालकाकडे गेलो. विहीर बंद करा, कुलूप लावा, आपण सगळे प्यायलो, तपासून घेऊ, असं सगळं सांगितलं. मालक बाजेवर बसून शेंगा खात होता. म्हणाला, "आम्ही न्हाय का प्यालो? आम्हाला काय झालं?"

"काय झालं ते कळायला वेळ लागतो म्हणे."

"रंगारी, तुमचं मानूस गेलं, वाईट झालं. म्हणून आमची इहीर मारता का?"

आमची म्हणाला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा आमची म्हणाला. मी म्हणालो, "चौघांची हाय, तुम्हीच म्हणाला होता. त्यातला एक मी. माझ्या वाट्याच्या चौथ्या भागाला कुलूप लावतो, बाकीच्यातून तुम्ही प्या." त्याची सून दारात ऐकत होती. तिच्या कडेवर पोर होतं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या दारात जार दिसला. मालक अजून माझ्याशी बोलत नाही.

शनिवारी मुलगी आलीच. जावयाने बॅगा आत ठेवल्या, माझ्याकडे न बघता पाया पडला आणि गाडी नीट लावतो म्हणून खाली गेला. मुलगी उभीच राहिली. पोट केवढं झालं होतं. मी तिला फोनवरच बघत होतो, फोनवर नुसता चेहरा दिसतो.

"हाकलणार असाल तर आत्ताच हाकला. जिना एकदाच उतरेन."

"बस आधी."

"नाही बसत. का नको म्हणालात?"

मी सांगितलं. मला गोष्ट सजवून सांगता येत नाही. वाळवी, पानं, साबण, वाळा, सगळं एका दमात सांगितलं. तिचं तोंड बघवेना म्हणून फरशीकडे बघून सांगितलं. संपल्यावर ती खाली बसली. खुर्चीवर नाही, जमिनीवर, आधी एक हात टेकून, जशा गरोदर बायका बसतात.

"कधी कळलं तुम्हाला?"

"दिवाळीच्या आधी."

"आणि तुम्ही एकटेच घेऊन बसलात?"

"तुला सांगून काय करणार होतीस? प्यालेलं पाणी बाहेर काढता येतं का?"

"बाबा, तुम्ही माणूस आहात की भिंत?" मग एकदम हळू आवाजात म्हणाली, "मला तेव्हा वाळ्याचा वास सहन व्हायचा नाही. उलट्या व्हायच्या. आई माझ्यासाठी वेगळं काढून ठेवायची, वाळा न घालता. उकळून. पण विहिरीचंच. मला त्याला वास यायचा, बाबा. मी आईला सांगितलं होतं, याला कसला तरी वास येतो. ती म्हणाली, तुला आता सगळ्यालाच वास येणार."

"मग प्यायलीस?"

"आई आजारी होती. तिने उठून उकळलं होतं. नाही कशी म्हणणार?"

वरच्या पोरीला बोलावलं. उकळल्याने काय होतं, विचारलं. ती म्हणाली, काही उडून जातं, काही राहतं, पाणी आटलं की जे राहतं ते दाट होतं. किती वेळ उकळायच्या काकू, तिने विचारलं. आम्हाला दोघांना सांगता येईना. जिला माहीत होतं तिला विचारायची सोय नव्हती.

मुलीने सोमवारीच डॉक्टरणीला सगळं सांगितलं. मला बरोबर नेलं. डॉक्टरणीने सोनोग्राफी परत केली. पडद्यावर मला राखाडी ढग दिसले. ती बोट ठेवून सांगत होती, हे डोकं, हा मणका, हे हृदय. हृदय धडधडताना दिसलं. माझ्या हृदयापेक्षा बरं चाललं होतं. म्हणाली, वाढ ठीक आहे, पाणी ठीक आहे. मी दचकलो. "कसलं पाणी?" मुलगी म्हणाली, "बाबा, पोटातलं. बाळाभोवतीचं." डॉक्टरणी हसली नाही, तिने मला खुर्ची दिली. म्हणाली, "आजोबा, दिसतंय तेवढं सगळं चांगलं आहे. जे दिसत नाही त्याबद्दल मी काही बोलत नाही. जन्मल्यावर नीट बघू, नंतरही बघत राहू." बाई खरं बोलली. खऱ्याने माणूस निर्धास्त होतोच असं नाही.

आता मुलगी इथेच आहे. आली ती राहिली. स्वयंपाकाला बाई लावली, पाण्याचे जार तिच्या कंपनीच्या बाजूने तिने स्वतः शोधून ठरवले, त्यांच्या तपासणीचा कागद मागवून वरच्या पोरीला वाचायला दिला. मी विचारलं तसं तिने पण त्या लोकांना विचारलं, पाणी कुठून येतं, पण इंग्रजीत, म्हणून त्यांनी सांगितलं. विहिरीच्या मोटरची वायर मी काढून ठेवली आहे. मालक वर बघून थुंकतो. उंबराची पानं पडायची तशी पडतात.

मी तिच्यावर नजर ठेवून असतो. ती उठली की उठतो. तिने पेला तोंडाला लावला की मी हातातलं काम सोडून बघत राहतो, ते पाणी कुठलं आहे ते मला माहीत असूनसुद्धा. ती म्हणते, "बाबा, असे बघू नका, ठसका लागेल." मी मान वळवतो आणि कानाने ऐकतो. घोट, घोट, घोट.

काल दुपारी ती पलंगावर टेकून बसली होती. एकदम म्हणाली, "बाबा, इकडे या. लवकर."

मी धावलो. आमच्या घरात 'लवकर' या शब्दाने काही चांगलं आणलेलं नाही.

"घाबरू नका. हलतंय. हात लावून बघा."

मी उभाच राहिलो. हे आईचं काम. बापाने मुलीच्या पोटाला हात लावायचा, असं मी कधी बघितलं नाही. तिने माझा हात धरला आणि ओढून ठेवला, पोटाच्या उजव्या बाजूला, गाऊनवरून. पोट कडक होतं. गरम होतं. मी श्वास धरला.

"लागलं?"

मी हो म्हणालो.

मला काहीच लागलं नव्हतं. तिने डोळे मिटून घेतले, चेहरा असा झाला जसा आईजवळ बसल्यावर व्हायचा. मी हात काढला नाही. तसाच वाकून उभा राहिलो, पाठीला रग लागली तरी, आणि वाट बघत राहिलो.